चुन्याच्या भट्टीमागचे दगड

मी अमेरिका पाहिलेली नाही आणि पाहायची फारशी हौसही नाही. पण तिथल्या एका खेडवळ काउंटीत, म्हणजे आपल्या तालुक्याएवढ्या मुलखात, जुनं काय काय उभं आहे ते मला विचारा. छपराचा लाकडी पूल कुठल्या ओढ्यावर आहे, एका खोलीची शाळा कुठल्या वळणावर आहे, पाणचक्कीचं दगडी जोतं कुणाच्या कुरणात गेलंय, कोर्टावरचं घड्याळ किती मिनिटं मागे चालतं, सगळं तोंडपाठ. मी राहते त्या दुबईजवळच्या अजमानबद्दल मला एवढं सांगता येणार नाही.

आमच्या कंपनीला त्या काउंटीच्या ऐतिहासिक जागांची यादी तयार करण्याचं काम मिळालं होतं. तिथल्या लोकांनी फॉर्म भरून पाठवायचे. जागा कुठे आहे, तिची हकिगत काय, सोबत फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. आम्ही दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून ते वाचायचे, प्रत्येक जागेवर एक परिच्छेद लिहायचा आणि शेवटी तीनपैकी एक शेरा मारायचा. ‘उभं आहे’, ‘पडकं आहे’ किंवा ‘पुरावा नाही’. पहिले दोन शेरे मिळालेल्या जागा यादीत जाणार, तिसरा मिळालेल्या गळणार. एकदा शेरा मारला की ती ओळ बंद. आमच्या मॅनेजरांच्या भाषेत रो क्लोज. अमेरिकेतलं जुनं काय आणि फालतू काय हे रत्नागिरीकडच्या एका खेड्यातली, मराठी शाळेत शिकलेली मुसलमान बाई ठरवणार. हसू येत असेल तर हसा. मलाही सुरुवातीला यायचं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला या लोकांचा रागच यायचा. जागा भरपूर, इतिहास थोडा, आणि कौतुक किती. कुणाच्या खापरपणजोबाने बांधलेलं धान्याचं कोठार, त्याला पितळी पाटी. कुणी कधीकाळी घोड्याला पाणी पाजलं तो दगडी हौद, त्यालाही पाटी. आमच्याकडे एखाद्या चौकातला राउंडअबाउट तोडून सिग्नल बसवला त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी टॅक्सीवाल्याला आम्ही त्याच राउंडअबाउटचं नाव सांगतो आणि तो पठाणही बरोबर तिथेच नेतो. आमच्या आठवणींना पाट्या नाहीत. मग यांचंच एवढं काय, असं मला वाटायचं, आणि ते माझ्या परिच्छेदांत थोडं उतरतही असणार.

फॉर्म वाचता वाचता मात्र माझा आवाज खाली आला. एका म्हाताऱ्याने शाळेच्या फॉर्मवर लिहिलं होतं की शेगडीजवळचा बाक सगळ्यात लहान मुलांचा असायचा, आणि ज्या दिवशी त्याला तिथून उठवून मागे बसवलं त्या दिवशी तो घरी जाऊन रडला. असं काही वाचल्यावर पाटीची चेष्टा करवत नाही.

तर असाच एक दिवस एका बाईचा फॉर्म आला. अक्षर थरथरतं, पण ओळी पट्टीने आखल्यासारख्या सरळ. वय एक्याऐंशी. जागेचं नाव लिहिलं होतं, चुन्याच्या भट्टीमागचं कबरस्तान. भट्टी कधीच पडली. तिथे चुना भाजायला बाहेरगावची माणसं आणली होती. ती माणसं आणि त्यांची मुलंबाळं तिथेच मेली, तिथेच पुरली. चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती आणि नाव कोरलेला दगड घडवायची ऐपत नव्हती, म्हणून शेतातलेच दगड आणून लावले. बाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या आजीच्या दोन बहिणी तिथे आहेत. आजी दर वसंतात मला घेऊन जायची आणि आम्ही पालापाचोळा काढायचो. आता मी एकटी जाते. त्या दिवसांत ती जमीन निळ्या फुलांनी भरलेली असते.’ आणि शेवटी, ‘जमीन विकली गेली आहे. यादीत नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात खडीवाले ती खणून काढतील.’

मी तो फॉर्म जाणकार बाईच्या तोऱ्यात वाचला, कारण असले दगड मला चांगले माहीत होते. आमच्या गावच्या कबरस्तानात नाव कोरलेला दगड औषधाला सापडणार नाही. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड, दोन्ही ओबडधोबड, झालं. माझ्या आईलाही तसेच दोन आहेत. बायका आत जात नाहीत, पण शाळेची वाट कबरस्तानाच्या गडग्याला, त्या बुटक्या दगडी भिंतीला, लागूनच होती. रोज जाता-येता दहा वर्षं मी त्या रांगा पाहिल्या. सगळ्या कबरी उत्तर-दक्षिण. डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला, किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. यात काही शिकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नाही. माणूस मेला की त्याला असंच निजवतात.

बाईंच्या नकाशावर उत्तरेचा बाण काढलेला होता. दगड जोडीजोडीने होते खरे, पण सगळे आडवे. मोठा दगड पश्चिमेला, लहान पूर्वेला. मी मनाशी म्हटलं, म्हातारीला आजीने काहीतरी गोष्ट सांगितली असेल, तीच धरून बसली आहे बिचारी. आणि लिहून टाकलं, ‘दगडांची मांडणी दफनाच्या पद्धतीशी जुळत नाही. शेत साफ करताना काढून ठेवलेले दगड असावेत. पुरावा नाही.’ रो क्लोज. त्यानंतर मी चहा घेतला, हे मला लख्ख आठवतं. चांगला कडक होता.

त्याच सुमारास अब्बा आमच्याकडे आले होते. त्यांनी शारजाच्या हमरिया बंदरातल्या एका यार्डात उभं आयुष्य वेल्डिंग केलं, आता गावी असतात आणि हिवाळ्यात दोन महिने अजमानला येतात. तो शुक्रवार होता, मी घरूनच काम करत होते. सगळे परिच्छेद लावून अहवाल रवाना झाला होता आणि मी ऑफिसच्या कॉपीसाठी लॅपटॉपवर पानं चाळत होते. अब्बा चष्मा पुसत बाजूला येऊन बसले.

“हे कुठलं कबरस्तान?” ते म्हणाले.

मी हसले. “कबरस्तान नाही अब्बा. शेतातले दगड आहेत.”

“कबरी हायत, बाय.”

“अहो, आडवे आहेत सगळे. हा बघा बाण, ही उत्तर. कबर अशी असते का?”

“आपली नसते. किरिस्तावांची असते.” त्यांनी बोट स्क्रीनला टेकवलं. “आमच्या यार्डातला केरळवाला फिटर गेला तेव्हा शारजात त्याच्या मातीला गेलो होतो. मी पण हेच विचारलं, असा आडवा का ठेवता? त्याचा भाऊ बोलला, पाय उगवतीला पायजेत. उठेल तेव्हा सूर्य समोर पायजे.”

“पण मी लहानपणापासून कबरी बघितल्यात.”

“तू गडग्यावरून बघितल्यास,” अब्बा म्हणाले. “मी खणल्यात.”

माझी मुलगी सोफ्यावरून न उठताच म्हणाली, “नाना, इट्स जस्ट अ फील्ड.” अब्बांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते नकाशावरचे आकडे वाचत होते. बाईंनी प्रत्येक जोडीतलं अंतर टेप लावून मोजलं होतं आणि फुटांत लिहिलं होतं. सहा, साडेपाच, सहा. मी ते आकडे पाहिलेसुद्धा नव्हते. दिशा चुकली म्हटल्यावर मोजमापाकडे कोण बघतो?

अब्बांचं बोट एका कोपऱ्यात थांबलं. तिथे दोन जोड्या शेजारी शेजारी होत्या आणि दोन्हींपुढे लिहिलं होतं, तीन फूट. “ही पोरं,” ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

मला शरम वाटली. साधी नाही, अंगावर काटा यावा अशी. एक्याऐंशी वर्षांची बाई गुडघे टेकून टेपने मोजत बसली असेल. तिने आजीच्या त्या दोन बहिणींची, दोन पोरींची उंची मला लिहून पाठवली, आणि मी, मी जिला अशा दगडांतलं सगळं कळतं, मी त्यांना शेतातला कचरा म्हणून मोकळी झाले. दुसरी कुणी असती तर तिने निदान शंका म्हणून सोडून दिलं असतं. एवढ्या खात्रीने चुकायला माझ्यासारखीच लागते.

सोमवारी सकाळी मी मॅनेजरांसमोर उभी राहिले. ते पुण्याचे, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण बोलण्यात नेहमी मॅडम आणि तुम्ही.

“अहो मॅडम, रिपोर्ट ऑलरेडी सबमिट झालाय,” ते म्हणाले. “ती रो लॉक्ड आहे.”

“अनलॉक करा. माझी चूक आहे, मी लिहून देते.”

“तोच तर इश्यू आहे. आपण एक करेक्शन पाठवलं की क्लायंट विचारणार, बाकीच्या किती चुकल्यात?”

“विचारू दे की. बघू परत सगळ्या.”

“यल्ला मॅडम, बी प्रॅक्टिकल. सात हजार मैलांवर कुठेतरी चार दगड आहेत. तुम्हाला प्रॉब्लेम कळत नाहीये.”

“मला कळतोय. तुम्हाला ती बाई कळत नाहीये.”

त्यांनी हात जोडले. विषय संपला, असं त्या हात जोडण्यात होतं. मी दुरुस्तीचा फॉर्म भरला, तो परत आला. पुन्हा भरला, पुन्हा परत. काउंटीला आम्ही थेट लिहायचं नाही हे करारात होतं, आणि तिसऱ्या वेळी मॅनेजरांनी मला ते कलम पिवळं करून पाठवलं. ऑफिसातल्या एकीने सल्ला दिला की कशाला नाक खुपसतेस, तुझा व्हिसा या कंपनीवर आहे, मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. तिचं चुकीचं नव्हतं. मी हो हो म्हटलं आणि आत धुमसत राहिले.

यादी मंजूर करायची सभा एका मंगळवारी होती. तिथे सकाळचे नऊ, आमच्याकडे संध्याकाळचे पाच. काउंटीची समिती त्यांच्या सभागृहात बसणार, आणि काही विचारलंच तर आम्ही व्हिडिओवर हजर. “उत्तरं मी देणार,” मॅनेजर म्हणाले. “तुम्ही मला चॅटवर माहिती द्यायची. माइक म्यूट. प्लीज.”

सभागृह आमच्या गावच्या जमातीच्या हॉलएवढंच होतं. लाकडी बाकं, कोपऱ्यात झेंडा, टेबलावर कॉफीचे कागदी पेले. अध्यक्ष एकेक ओळ वाचत होते आणि हात वर होत होते. पूल यादीत गेला. शाळा गेली. पाणचक्कीचं जोतं गेलं. मी प्रत्येक जागा ओळखत होते. तिसऱ्या बाकावर राखाडी स्वेटर घातलेली एक म्हातारी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. ती कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिची ओळ आली. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला आणि माझं वाक्य वाचलं. ‘दगडांची मांडणी दफनाच्या पद्धतीशी जुळत नाही.’ मी लिहिलेलं इंग्रजी मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. चांगलं वाक्य होतं. व्याकरण पक्कं, सूर शांत, आणि धादांत खोटं.

हरकत घ्यायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. ती उठली, पुढच्या बाकाच्या पाठीवर हात टेकला आणि म्हणाली, “ते दगड कुणी काढून ठेवलेले नाहीत. माझ्या आजीने मला दाखवले आहेत. तिला तिच्या आईने दाखवले होते.”

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, “बाई, तुमची भावना आम्ही समजतो. पण तज्ज्ञांचा अहवाल स्पष्ट आहे.”

तज्ज्ञ म्हणजे मी. म्हातारीने फाइल उघडली, काहीतरी शोधलं, सापडलं नाही की शोधावंसं वाटलं नाही कोण जाणे, आणि ती खाली बसली. तीन मिनिटांतलं एकसुद्धा पुरतं वापरलं नव्हतं. अध्यक्षांनी पुढच्या ओळीकडे पान उलटलं.

माझा हात कधी गेला मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं कळलं. मी माइक चालू केला.

“थांबा,” मी म्हटलं. “तो परिच्छेद मी लिहिला आहे आणि तो चुकीचा आहे.”

सभागृहातली डोकी पडद्याकडे वळली. मॅनेजरांचा मेसेज आला, म्यूट प्लीज. दुसरा आला. मी चॅटची खिडकी बंद केली आणि बोलत राहिले. म्हटलं, आमच्याकडे कबरी उत्तर-दक्षिण असतात. मी तुमच्या कबरी माझ्या गावच्या हिशोबाने पाहिल्या आणि आडव्या दिसल्या म्हणून नाही म्हटलं. तुमच्याकडे डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात हे मला ठाऊक नव्हतं. नकाशा पुन्हा पाहा. प्रत्येक जोडीत मोठा दगड पश्चिमेला आहे, प्रत्येक, एकही उलटी नाही. शेतातले दगड फेकणारा माणूस इतक्या निगुतीने फेकत नाही.

अध्यक्षांनी खरोखरच नकाशा काढला. शेजारच्या दोघांनी माना घातल्या. मग त्यांनी विचारलं, “पण हे तुम्ही ठामपणे कसं म्हणता? एकाही दगडावर नाव नाही.”

हा प्रश्न मला लागला. इतका की मी आधी मनात घोकून ठेवलेलं सगळं विसरले. “माझ्या आईच्या कबरीवर असेच दोन दगड आहेत,” मी म्हटलं. “त्यांच्यावरही नाव नाही. पण ती कोण आहे हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणी तिथे खडी काढायला आलं आणि म्हणालं की नाव दाखवा, तर मी काय दाखवू? सांगणारं माणूस दाखवीन. तुमच्यासमोर ते माणूस तिसऱ्या बाकावर बसलं आहे. तिला विचारा ना. मला कशाला विचारता?”

म्हातारी उठली आणि बाकांमधून हळूहळू चालत पडद्याजवळ आली, इतकी जवळ की तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. तिने माझा देश विचारला नाही, नाव विचारलं नाही.

“कोपऱ्यातल्या दोन आखूड कबरी,” ती म्हणाली. “त्या पाहिल्या का तुम्ही?”

“पाहिल्या,” मी म्हटलं. “तीन तीन फूट.”

“त्याच,” ती म्हणाली.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, आता शेरा कुठला लिहायचा, कबरस्तानाला पडकं म्हणायचं का? मी म्हटलं, मुळीच नाही, दगड उभे आहेत, उभं आहे असंच लिहा. हात वर झाले. एकाने नाही केला, पण बाकीच्यांनी केले. खडीवाल्यांना आता दुसरी टेकडी बघावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता. सूचना असूनही मी क्लायंटशी थेट बोलले, कंपनीच्या कामाबद्दल शंका निर्माण केली, मला याचा खेद आहे आणि पुन्हा असं होणार नाही. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

“फॉर्मॅलिटी आहे मॅडम,” ते म्हणाले. “सही करा, खलास. मला वर दाखवावं लागतं.” त्यांनाही साहेब होता, त्यांचाही व्हिसा होता. मी ते विसरले नव्हते.

मी कागद दोनदा वाचला. “सर, मी पुरावा नाही असं लिहिलं तेव्हा त्याच्याखाली सही करायची होती का?”

“नाही. तशी प्रोसेस नाहीये.”

“म्हणजे दोन पोरींना जमिनीतून पुसून टाकताना माझी सही नको होती. तुम्ही त्या दिवशी मला गुड जॉब पाठवलंत. आणि त्या तिथे आहेत असं म्हटल्यावर आता सही हवी.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “व्हिसा रिन्युअलच्या वेळी प्रॉब्लेम येईल. मी आधीच सांगतोय.”

“येऊ दे,” मी म्हटलं आणि कागद फिरवून त्यांच्याकडे सरकवला.

रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे. तो कागद अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि दर आठवड्याला ते मला त्याची आठवण करून देतात. सही मी केलेली नाही. करणारही नाही.